धावपट्टी वेगळी, बिझनेस पार्क वेगळा, ओढा मात्र एकच

मागच्या अंकात पर्यावरण अहवाल कसा वाचावा यावर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली निम्मी पत्रं विमानतळाशेजारी राहणाऱ्यांची निघाली. महानगरांचे मोठे विमानतळ नव्हेत. दिवसाला वीस-पंचवीस विमानांचे, आता धावपट्टी लांबवू पाहणारे आणि कुंपणापलीकडे बिझनेस पार्क मागणारे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी बावीस वर्षं सल्लागार कंपन्यांत आवाज मोजला आणि असेच अहवाल लिहिले. खाली दाखवलेल्या पळवाटांपैकी एक-दोन मी स्वतः वापरलेल्या आहेत. पत्रांना कात्री लावली आहे. नावं-गावं मुद्दाम गाळली आहेत, कारण बऱ्याच जणांच्या हरकती अजून दाखल व्हायच्या आहेत.

प्रश्न: ताई, आमच्याकडची धावपट्टी ८०० मीटरने लांबवणार आहेत. तिला लागून ३० हेक्टरचा एक आणि २५ हेक्टरचा दुसरा, असे दोन बिझनेस पार्क येणार. तिन्हींचे अहवाल वेगळे, सुनावण्या वेगळ्या, आणि तिन्हींत शेवटी तेच वाक्य: ‘परिणाम नगण्य’. सोबत प्रती पाठवल्या आहेत. हरकत नेमकी कशावर घ्यायची? सगळे म्हणतात विमानांवर घ्या.

उत्तर: विमानांवर घ्याच, पण आधी तिन्ही नकाशे एकाच मापात झेरॉक्स करून घ्या आणि दिवसाउजेडी खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवा. तुमच्या प्रतींवर मी तेच केलं. ओढा तिन्ही नकाशांत आहे. प्रत्येक नकाशात तो प्रकल्पाच्या हद्दीपाशी येऊन थांबतो, जणू त्याला पुढे जायचंच नाही. काचेवर मात्र तो सलग दिसतो: धावपट्टीच्या टोकाखालून निघतो, पहिल्या पार्कच्या पार्किंगला वळसा घालतो, दुसऱ्याच्या मागून जातो आणि सरळ तुमच्या वस्तीकडे येतो.

आता गुणाकार करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. धावपट्टीची वाढ ८०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद, म्हणजे ३.६ हेक्टर. दिवसात १०० मिलिमीटर पडला तर तिच्यावरून ३६० टँकर पाणी वाहून जाईल. काँक्रीट काही पाणी पीत नाही. दोन्ही पार्क मिळून ५५ हेक्टर. त्यातली सत्तर टक्के जमीन छपरं, रस्ते आणि पार्किंगखाली जाणार, हे त्यांच्याच अहवालांत छापलं आहे. तेवढ्याच पावसात तिथून निघणारं पाणी ३,८५० टँकर. धावपट्टीच्या दहापटीहून जास्त! आपण आकाशाकडे बघत हरकती लिहितो आणि इकडे पार्किंगवर फरशा बसत असतात.

तिन्ही अहवालांत साठवण तलाव दाखवला आहे आणि प्रत्येक तलाव आपापल्या हद्दीपुरता पुरेसा आहे. पण असा तलाव पाणी पोटात ठेवत नाही, उशिरा सोडतो. तिघांनी उशिरा सोडलेलं पाणी ओढ्यात एकाच तासाला पोचलं तर काय, हे गणित तिन्हींपैकी एकाही अहवालात नाही. प्रत्येकाच्या मते ते शेजाऱ्याचं काम. पाणी विमानतळालाही सोडत नाही, हे जाता जाता लिहायला हरकत नाही. चेन्नईची एक धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून पुढे नेलेली आहे. डिसेंबर २०१५च्या पुरात तो विमानतळ काही दिवस बंद पडला. पेरियारच्या पूरमैदानातला कोची विमानतळ ऑगस्ट २०१८मध्ये सुमारे दोन आठवडे बंद होता.

तुमच्या चौकाचीही तीच कथा. समजा, गर्दीच्या तासाला तिथे आणखी ४०० गाड्या मावतात. विमानतळाचा अहवाल म्हणतो आम्ही २५० वाढवू, मावतील. पहिला पार्क म्हणतो आम्ही ३००, मावतील. दुसरा म्हणतो २००, मावतील. तिघांनीही खरंच सांगितलंय, फक्त ती एकच मोकळी जागा तिघांनी आपापल्या नावावर लिहून घेतली आहे. वाहतुकीच्या मोजणीचे तक्ते शेजारी ठेवा, चौक तोच निघेल. मी या तक्त्यांवर काम केलेलं आहे. शेजारच्या प्रकल्पाच्या गाड्या धरायच्या की नाहीत, हे आमच्याकडे बहुतेकदा एकाच गोष्टीवर ठरायचं: तो प्रकल्प कागदावर ‘मंजूर’ झालाय का. मंजूर नसेल तर तो अस्तित्वातच नाही! तिन्ही प्रकल्प एकाच वेळी सुनावणीत असले की कुणीच कुणाला मोजत नाही. तारखा त्यासाठीच जुळवतात असा आरोप मी करणार नाही, पण जुळतात.

तुकडे पाडण्याची ही रीत जुनी आहे. बेल्जियममधल्या लिएज विमानतळावर रात्रीच्या मालवाहू विमानांसाठी बरीच बांधकामं झाली, पण धावपट्टीची लांबी वाढली नव्हती, म्हणून पर्यावरणावरच्या परिणामांच्या नव्या मूल्यांकनाची गरज नाही असा दावा होता. रहिवासी न्यायालयात गेले. युरोपीय न्यायालयाने २००८मध्ये सांगितलं, की लांबी न वाढवता केलेली कामंही विमानतळात बदल घडवणारी असू शकतात, आणि त्यांचा परिणाम तपासताना पुढे वाढणारी उड्डाणं धरावीच लागतील. तो कायदा सगळीकडे लागू नसेल, पण त्यातला युक्तिवाद कुणीही उचलावा.

हरकत लिहिताना ‘पर्यावरणाचा ऱ्हास’, ‘भावी पिढ्या’ वगैरे शब्द पहिल्या पानावर नकोत. सुनावणीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस ते शब्द शंभर वेळा ऐकून चुकलेला असतो. असं लिहा: ‘पान अमुक, तक्ता अमुक यात ओढ्याचा विसर्ग फक्त धावपट्टीच्या हद्दीपर्यंत मोजला आहे. शेजारच्या दोन प्रकल्पांचं पाणी त्याच ओढ्यात जातं. तिघांचा एकत्रित विसर्ग कुठे मोजला आहे ते दाखवावं. मोजला नसल्यास मोजून अहवाल पुन्हा प्रसिद्ध करावा.’ एका हरकतीत एकच मुद्दा. दहा मुद्दे एका पत्रात घातले की सगळ्यात कच्च्या मुद्द्याला उत्तर मिळतं आणि बाकीचे नऊ ‘नोंद घेतली’मध्ये जातात. हीसुद्धा आमच्याकडची रीत, शिकून आलेली सांगते.

प्रश्न: अहवालात लिहिलंय की रोजची उड्डाणं २४वरून ७२ झाली तरी आवाज ‘फक्त ५ डेसिबल’ने वाढेल. तिप्पट विमानं आणि पाचच डेसिबल? आकडे सरळसरळ खोटे आहेत ना?

उत्तर: खोटे नाहीत, आणि सुनावणीत तसं म्हणून उभे राहू नका, तोंडावर पडाल. डेसिबलचं गणितच तसं आहे. तेवढ्याच आवाजाच्या घटना दुप्पट झाल्या की सरासरी तीनने वाढते, तिप्पट झाल्या की पाचला जराशी कमी. ही दिवसभराची सरासरी असते. डोक्यावरून जाणारं विमान जेमतेम अर्धा मिनिट गोंगाट करतं; मधल्या सगळ्या शांत वेळेवर तो आवाज पसरवून टाकला की जो आकडा उरतो तो सांगतो, की शाळेची घंटा दिवसभर हळू आवाजात वाजत राहिली. घंटा अशी कुणीच ऐकत नाही.

एका शाळेच्या गच्चीवर मी तीन दिवस मोजणी केली होती. तिपाईवर यंत्र, मायक्रोफोनला काळ्या स्पंजचा गोळा. मोजणीच्या आधी आणि नंतर यंत्राला एक छोटी शिट्टी लावून तपासावं लागतं. बरोबर ९४ डेसिबलचा एकसुरी आवाज. पोरांनी पहिल्याच दिवशी तो सूर उचलला आणि मी जिन्यात दिसले की तोंडाने वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली वर्गाच्या दारात उभी होते. बाई फळ्यावर जोडाक्षर काढत होत्या. विमान आलं. त्यांचा हात थांबला, खडू फळ्याला टेकलेलाच राहिला, बोलणं अर्ध्या शब्दावर थांबलं. मुलंही थांबली, कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. विमान गेलं, बाईंनी उरलेला अर्धा शब्द उच्चारला आणि अक्षर पुरं केलं. सगळ्यांना इतकी सवय झालेली, की मी विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘कधी थांबले मी?’ त्या दुपारी पावणेदोन तासांत सहा वेळा. मी मसुद्यात ते चार ओळींत लिहिलं. वरिष्ठांनी त्या ओळी काढल्या, ‘हे मोजमाप नाही’ म्हणून. त्या शाळेचा आकडा सरासरीत मर्यादेच्या आत बसला आणि तसाच छापला गेला. मी सही केली. त्या सहीबद्दल मला आजही बरं वाटत नाही.

थांबलेला खडू मोजण्याची पद्धत मात्र आहे. सिडनीची तिसरी धावपट्टी १९९४मध्ये सुरू झाली आणि आवाजाच्या नकाशाने ज्यांना रेषेबाहेर ठेवलं होतं त्यांच्याच भागांतून संतापाचा लोंढा आला. नकाशा सरासरीचा होता. पुढे २०००मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक खात्याने साध्या मोजणीची बाजू मांडली: दिवसात किती वेळा आवाज ७० डेसिबलच्या वर गेला. तिला एन७० म्हणतात. बाहेर ७० म्हणजे खिडकी उघडी असलेल्या घरात साधारण ६०, आणि तिथे बोलणं तुटायला लागतं. हा आकडा सरासरीत लपत नाही. २४ची ७२ झाली की तो सरळ तिप्पट होतो.

तेव्हा हरकतीत एन७०चा तक्ता मागा, तासागणिक, शाळा आणि दवाखान्यांच्या जागा धरून. रात्र वेगळी मागा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशींत विमानांच्या आवाजाला रात्रीसाठी सरासरी ४० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. अहवालात दिवस-रात्र एकत्र केलेली असेल तर तो एकच मुद्दा स्वतंत्र हरकतीच्या लायकीचा आहे. रात्र मिळवता येते. फ्रँकफर्टला नवी धावपट्टी थांबली नाही, पण २०११मध्ये न्यायालयाने रात्री ११ ते पहाटे ५ ठरलेली उड्डाणं बंद करायला लावली आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानेही ते कायम केलं.

प्रश्न: पहाटे धावपट्टीच्या बाजूने रॉकेलचा वास येतो. हवेचे आकडे मात्र मर्यादेत असल्याचं सांगतात. वास मनाचा म्हणायचा का?

उत्तर: नाकावर विश्वास ठेवा. जेट विमानाचं इंधन रॉकेलच्याच जातीचं असतं. जमिनीवर रांगेत थांबलेल्या विमानाचं इंजिन मंद चालतं तेव्हा इंधन नीट जळत नाही, आणि पहाटेची हवा स्थिर असल्याने त्याची वाफ खालीच तरंगते. झेप घेताना उलट होतं: इंधन पुरतं जळतं, पण नायट्रोजनची ऑक्साइड्स जास्त बाहेर पडतात. हवा तपासणाऱ्या केंद्रात धूलिकण वजनाने मोजतात. विमानातून निघणारे अतिसूक्ष्म कण संख्येने प्रचंड आणि वजनाने जवळजवळ शून्य, त्यामुळे तराजूवर ते येतच नाहीत. लॉस एंजेलिस विमानतळाच्या वाऱ्याखाली २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत १६ किलोमीटरवरही त्यांची संख्या दुपटीच्या आसपास होती.

तुमच्या विमानतळावर प्रशिक्षणाची छोटी पिस्टन विमानं असतील तर आणखी एक प्रश्न विचारा: इंधन शिशाचं की बिनशिशाचं? गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं गेलं, या विमानांच्या पेट्रोलमध्ये ते अजून बऱ्याच ठिकाणी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२३मध्ये हे शिसं आरोग्याला धोका असल्याचं अधिकृतपणे नोंदवलं. आणि अट म्हणून काय मागाल? उभ्या विमानाला जमिनीवरून वीज, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन तासन्‌तास चालू ठेवावं लागत नाही. ही अट साधी आहे, आवाजही कमी करते, आणि बहुधा मान्य होते.

अग्निशमन सरावाच्या मैदानाबद्दलही विचारा, ते सगळे विसरतात. जर्सी बेटावरच्या विमानतळावर सरावात वापरलेल्या फोममधली रसायनं झिरपून शेजारच्या विहिरी खराब झाल्या होत्या.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो, बाबा, ओढा-बिढा सोडा, खरा मुद्दा हवामानबदलाचा. कार्बनवरच लढा. विमानतळवाले म्हणतात आमचा विमानतळ कार्बन न्यूट्रल होणार. कोण बरोबर?

उत्तर: मुद्द्याच्या मोठेपणात तुमचा मुलगा बरोबर. सुनावणी जिंकण्याच्या दृष्टीने मात्र मी त्याच्याशी सहमत नाही.

आधी ते ‘न्यूट्रल’, म्हणजे सोडलेल्या कार्बनची पूर्ण भरपाई. त्यात टर्मिनलचे दिवे, वातानुकूलन आणि त्यांच्या स्वतःच्या गाड्या धरलेल्या असतात. कोची विमानतळ २०१५पासून पूर्ण सौरऊर्जेवर चालतो आणि ते कौतुकाचंच आहे, पण सौर पॅनेलं विमान उडवत नाहीत. एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वजन वाढतं कारण हवेतला ऑक्सिजन त्यात जोडला जातो. मध्यम आकाराचं जेट तासाला साधारण अडीच टन इंधन पितं. दिवसाला २० उड्डाणं दीड-दीड तासाची धरली तर ७५ टन इंधन, २३७ टन कार्बन डायऑक्साइड, आणि वर्षाला ८६ हजार टनांच्या वर. हा हिशेब पाकिटाच्या पाठीवर होतो. तुमच्या अहवालात तो आहे का, बघा. नसेल तर ‘का नाही’ ही हरकत.

उत्तर ठरलेलं असतं: उड्डाणांचा कार्बन देशाच्या किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर हाताळला जातो. यात तथ्य आहे आणि पळवाटही. १९९७च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा प्रश्न नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे आयकाओकडे सोपवला. तिची कार्बन-भरपाईची योजना २०१६मध्ये ठरली आणि ती फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे. प्रादेशिक विमानतळावरची बहुतेक विमानं देशातल्या देशात उडतात, म्हणजे तिच्या कक्षेबाहेर. हे वाक्य हरकतीत जरूर घाला.

पण न्यायालयांचा अनुभव कडू आहे. व्हिएन्नाची तिसरी धावपट्टी एका न्यायालयाने हवामानाच्या कारणावरून फेब्रुवारी २०१७मध्ये अडवली. जूनमध्ये घटना न्यायालयाने तो निकाल फिरवला. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीचं धोरण फेब्रुवारी २०२०मध्ये बेकायदा ठरलं, डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण उचलून धरलं. तुमच्या विमानतळाला सगळ्यात जवळचं उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं. वर्षाला एक कोटी प्रवाशांची मर्यादा १ कोटी २० लाख करायची होती. स्थानिक परिषदेने २०२०मध्ये नकार दिला, केंद्राच्या निरीक्षकांनी २०२२मध्ये परवानगी दिली, आणि २०२३मध्ये उच्च न्यायालयाने रहिवाशांचं आव्हान फेटाळलं. एकट्या विमानतळाच्या दारात जगाचा कार्बन ठेवला की न्यायाधीश म्हणतात, हा प्रश्न वर विचारा. फ्रान्समध्ये नॉत्रदाम-दे-लांदचा नवा विमानतळ २०१८मध्ये रद्द झाला खरा, पण तो सरकारने रद्द केला, आणि त्यामागे काही दशकांचा जमिनीवरचा विरोध होता.

म्हणून कार्बनची हरकत घ्या, मुलालाच लिहायला सांगा. पहिल्या क्रमांकावर पाणी, रात्र आणि चौक ठेवा.

प्रश्न: धावपट्टीशेजारच्या पाणथळीवर हिवाळ्यात शेकडो बदकं येतात. ती ‘दुसरीकडे हलवणार’ असं लिहिलंय. बदकं हलवतात कशी?

उत्तर: पाणथळ बुजवतात आणि दुसरीकडे तळं खणतात. बदकांना नोटीस पोचत नाही. धोका मात्र खोटा नाही. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाची दोन्ही इंजिनं हंसांच्या थव्याने बंद पाडली आणि ते हडसन नदीत उतरवावं लागलं. पक्षी आणि धावपट्टी शेजारी नांदत नाहीत, हे पक्षिप्रेमींनीही मान्य करावं.

माझं लक्ष गेलं ते शेजारच्या बिझनेस पार्कच्या रंगीत माहितीपत्रकाकडे. मधोमध ‘शोभिवंत जलाशय’! म्हणजे विमानतळाचा अहवाल पक्ष्यांचं पाणी बुजवतोय आणि कुंपणाला लागून पार्कवाला नवं खणतोय. आयकाओची मार्गदर्शक सूचना धावपट्टीभोवती १३ किलोमीटरपर्यंत पक्ष्यांना ओढणाऱ्या गोष्टींकडे लक्ष ठेवायला सांगते. दोन्ही पानांच्या झेरॉक्स एकाच हरकतीला जोडा. एक शब्दही चढवून लिहायची गरज नाही.

प्रश्न: मॅडम, तुमचे वाचक विमानतळाला विरोध करतात आणि परदेशातल्या मुलांना भेटायला विमानानेच जातात. आमच्या भागात शिकलेली पोरं रिकामी बसली आहेत. दोन पार्कांत नोकऱ्या येतील, त्या तुमच्या बदकांना टोचतात का?

उत्तर: टोमणा रास्त आहे. हरकती लिहिणाऱ्यांत निवृत्त मंडळी जास्त असतात, नोकरी शोधणारी कमी. मी जितक्या सुनावण्यांना बसले तिथे हेच पाहिलं. प्रत्यारोपणासाठी अवयव घेऊन येणारं विमान रात्री उतरलं तर त्यालाही मी रोखणार नाही.

तुम्ही मात्र नोकऱ्यांचा तक्ता तपासा, तुमच्याच पोरांसाठी. विमानतळाचा अहवाल म्हणतो विस्तारामुळे इतक्या नोकऱ्या, ‘शेजारच्या पार्कांसह’. पार्कांचे अहवाल त्याच नोकऱ्या आपल्या म्हणून पुन्हा दाखवतात. त्यातल्या किती जुन्या इमारतीतून इथे हललेल्या कंपन्यांच्या, म्हणजे जागा बदललेल्या, आणि किती खरोखर नव्या, हे फोडून मागा. गोदामाच्या किती, कार्यालयाच्या किती, स्थानिक भरतीचं बंधन आहे का, तेही विचारा. मला गंमत वाटते ती याची: पाणी आणि गाड्या मोजताना तिन्ही प्रकल्प एकमेकांना ओळखत नाहीत, आणि नोकऱ्या मोजताना एकाच घरातले होतात. तुम्ही नोकऱ्यांचा एकत्रित तक्ता मागा, पहिल्या पत्रातले वाचक पाण्याचा मागतील. तुमचं भांडण मिटेलच असं नाही, पण अर्ज एकच लागेल.

प्रश्न: मी विमानाच्या वाटेखालच्या शाळेत शिकवते. मुलांच्या वाचनावर परिणाम होतो असं मला जाणवतं, पण माझ्याकडे यंत्र नाही आणि सुनावणीला महिना आहे. काय करू?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना तो फळ्याला टेकलेला खडू आठवला. तुम्हाला जाणवतं ते इतरांनी मोजलेलं आहे. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२मध्ये बंद होऊन नव्या जागी गेला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना स्थलांतराच्या आधी आणि नंतर तपासलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घ स्मृती घसरली. जुन्याजवळच्या मुलांची सुधारली. ही दुसरी बाजू सुनावणीत नक्की सांगा, कारण ‘मुलांना सवय होते’ हे उत्तर तिच्यापुढे टिकत नाही. पुढे हीथ्रो, स्किपोल आणि माद्रिदच्या विमानतळांभोवती नऊ-दहा वर्षांच्या दोन हजार आठशेहून जास्त मुलांचा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही विमानांचा आवाज जास्त तिथे वाचनाचं आकलन मागे, असंच दिसलं.

यंत्राची गरज नाही. एक शंभरपानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, वेळ, किती सेकंद थांबावं लागलं, विमान चढत होतं की उतरत होतं, वाऱ्याची दिशा. वारा फिरला की विमानं धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून येतात. तो रकाना नसेल तर कुणीतरी म्हणेल तुम्ही वाईट दिवसच निवडले. सेकंद मोजायला रोज वेगळा विद्यार्थी नेमा, मुलं हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा चोख करतात. प्रत्येक पानाखाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्या. मधली सुट्टी वगळा. फोनवर रेकॉर्ड केलं तर ते जोडा, पण त्यावरून डेसिबल सांगू नका. फोनचा आकडा पहिल्या मिनिटाला खोडून काढतात.

ज्या तासाला एकही विमान आलं नाही, त्याचीही ओळ भरा. शून्य लिहा, कोरी सोडू नका. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते तेव्हा अशा वहीत सगळ्यात आधी कोऱ्या ओळीच शोधायचे.